महाग देशाचा माल जग का घेतं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या एका उत्तरात मी लिहिलं होतं, की गरीब देश निर्यात करून वर येतो, पण श्रीमंत देशालाही श्रीमंत राहायला निर्यातच लागते. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. मी अर्थशास्त्राची प्राध्यापक नाही. बँकेच्या परदेशी व्यापार विभागात एकतीस वर्षं बसले. एल.सी. (कागद बरोबर असले तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी), बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), विम्याचे आणि मूळ देशाचे दाखले तपासले. कुठून काय येतं, कोण वेळेवर पैसे देतं, कुणाचा माल बंदरात पडून राहतो, हे त्या कागदांवरून कळत गेलं. उत्तरंही तिथूनच देते.

श्रीमंत देशात पगार जास्त, जमीन महाग, नियम कडक. तोच माल दुसरीकडे निम्म्या किमतीत बनतो. मग यांचा माल घेणार कोण, आणि निर्यातीवर यांची अर्थव्यवस्था वाढणार कशी?
— एक निवृत्त शिक्षक

सर, नोकरीच्या सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर मला एका कोटेशनच्या मागच्या पानावर मिळालं.

आमच्या एका खातेदाराला औषधाच्या गोळ्या पट्टीत भरण्याचं यंत्र आणायचं होतं. फायलीत दोन कोटेशनं होती. एक जर्मनीचं, दुसरं मजुरी स्वस्त असलेल्या एका देशाचं. जर्मन यंत्र जवळजवळ दुप्पट किमतीचं, आणि कर्जाचा अर्ज नेमका त्याच यंत्रासाठी होता. मी विचारलं, ‘दुप्पट कशाला देता?’ त्यांनी काही न बोलता पान उलटलं. मागे सुट्या भागांची लांबलचक यादी, प्रत्येक भागाला क्रमांक. खाली लिहिलेलं, की हे भाग अमुक वर्षं मिळत राहतील, मागणी आल्यापासून अमुक तासांत रवाना होतील, दुरुस्तीला माणूस अमुक दिवसांत पोचेल. ‘मॅडम, लाइन एक दिवस बंद राहिली तर काय जातं ते मांडून बघा,’ असं म्हणून त्यांनीच माझ्यासमोर कागदावर मांडलं. वर्षाला किती तास यंत्र थांबेल, त्या तासांत किती माल निघाला असता. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस महाग यंत्र स्वस्त पडत होतं.

तेव्हापासून मी कोटेशन मागच्या पानावरून वाचायला लागले. श्रीमंत देश जे विकतो ते बहुतेक वेळा त्या मागच्या पानावर असतं. यंत्र थांबणार नाही याची हमी, औषधात तोच कस दरवेळी असेल याची खात्री, वीस वर्षांनीही भाग मिळेल हा भरवसा. असल्या मालाला किंमत कमी करून गिऱ्हाईक ओढावं लागत नाही.

जर्मनीत अशा कंपन्यांची मोठी फळीच आहे. मध्यम आकाराच्या, बऱ्याचशा एकाच कुटुंबाच्या, मोठ्या शहरांपासून दूर वसलेल्या. एखादी फक्त बाटल्यांना लेबल लावण्याची यंत्रं करते, एखादी नुसते झडपांचे पंप. पण त्या एका वस्तूत जगात पहिल्या दोन-तीन क्रमांकांत. हर्मान झिमोन या जर्मन अभ्यासकाने त्यांना ‘छुपे विजेते’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. विषय इतका अरुंद, की एकट्या स्वतःच्या देशात त्यावर पोट भरणार नाही. जगभरचं गिऱ्हाईक गोळा केलं तर मात्र उत्तम भरतं. निर्यातीने अर्थव्यवस्था वाढते ती मुख्यतः या वाटेने. संशोधनाचा खर्च एकदाच करायचा असतो; तो साठ लाख लोकांच्या डेन्मार्कमध्ये किंवा नव्वद लाखांच्या स्वित्झर्लंडमध्ये कधीच वसूल होणार नाही, जगात वाटला तर होतो. तो वसूल झाला की पुढचं संशोधन, चांगले पगार, त्या पगारांवरचा कर, त्या करातून शाळा. आणि परदेशातलं गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून माल बघतं, त्यामुळे कंपनी आळसावत नाही. हा शेवटचा फायदा आकड्यांत सहज दिसत नाही, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

या वाटेचं टोक पाहायचं असेल तर नेदरलँड्समधल्या फेल्डहोवेन या गावी जावं लागेल. तिथली एएसएमएल ही कंपनी 1984 साली निघाली. सगळ्यात बारीक चिप छापायला जो अतिनील किरणांचा प्रकार लागतो, त्याची यंत्रं जगात आज फक्त तीच बनवते. एकेका यंत्रात सुमारे एक लाख भाग. त्याचे आरसे जर्मनीतल्या झाइसचे, लेझर जर्मनीतल्याच ट्रुम्फचा. हे तंत्र प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्यातली कित्येक वर्षं ते जमणारच नाही असं जाणकार म्हणत होते. इतका धीर धरायला पैसा लागतो, विद्यापीठं लागतात, वाट बघणारे भांडवलदार लागतात. श्रीमंत देशाकडे नेमकं हेच असतं. ते वापरायचं सोडून तो स्वस्त मजुरीशी बरोबरी करायला निघाला, तर हाती असलेलंही घालवून बसेल.

चलनाचा भाव पाडला की माल परदेशात स्वस्त होतो. मग श्रीमंत देश सरळ तेच का करत नाहीत?
— वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी

तू गणित बरोबर मांडलं आहेस, फक्त त्याची एक बाजू सुटली. आजच्या निर्यातीच्या वस्तूत आयात केलेला माल ठासून भरलेला असतो : धातू, इंधन, चिप, रसायनं. चलन पडलं की हे सगळं महाग होतं आणि घरातल्या माणसाचा पगारही तेवढाच हलका होतो. थोडे दिवस निर्यातदाराला बरं वाटतं, मग खर्च वर चढून येतो.

उलटी उदाहरणं जास्त शिकवतात. 22 सप्टेंबर 1985 रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन या पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. त्या वेळी एका डॉलरला सुमारे 240 येन पडत. 1987 संपताना तो जवळपास निम्म्यावर होता. म्हणजे जपानी माल अमेरिकेत जवळजवळ दुप्पट महाग व्हायला हवा. जपानी कंपन्यांनी साध्या वस्तूंचं उत्पादन आग्नेय आशियात हलवलं आणि अवघड सुटे भाग, यंत्रं, साहित्य हे घरी ठेवलं. मोटारींचं तर आधीच घडलं होतं. 1981 पासून अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला 16 लाख 80 हजार गाड्यांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. संख्या बांधली गेली म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक गाडी मोठी, भारी आणि महाग करायला घेतली. 1986 साली होंडाची ॲक्युरा आली, 1989 साली टोयोटाची लेक्सस. ज्यांना अमेरिकन गिऱ्हाईक छोट्या स्वस्त गाडीचे कारागीर समजत होतं, त्यांनी आरामगाडीच्या बाजारात पाय रोवले.

पण प्लाझाची दुसरी आठवणही लिहायला हवी. येन चढल्यावर निर्यातदारांना त्रास नको म्हणून जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर खाली आणले आणि बराच काळ खालीच ठेवले. तो पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये गेला, भाव फुगले आणि 1990 नंतर फुगा फुटला. त्या देशाने पुढे कितीतरी वर्षं त्याची किंमत मोजली. निर्यात जपण्यासाठी केलेला उपाय निर्यातीपेक्षा महाग पडला.

स्वित्झर्लंडनेही हा धडा घेतलेला आहे. युरोपात संकट आलं की जगाचा पैसा फ्रँककडे धावतो आणि फ्रँक चढतो. सप्टेंबर 2011 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं, की एक युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. 15 जानेवारी 2015 रोजी सकाळी तिने ही मर्यादा अचानक काढून घेतली आणि काही मिनिटांत फ्रँक उसळला. त्या दिवशी आमच्या डीलिंग रूममध्ये पडद्यावरचे आकडे बघून मी फोन हातातच धरून उभी राहिले होते, समोरच्याला भाव काय सांगावा तेच कळेना. स्विस यंत्र कारखान्यांचे पुढचे महिने फार कठीण गेले. काहींनी त्याच पगारात कामाचे तास वाढवले. औषधं मात्र जात राहिली, कारण रोग्याला हवं असलेलं औषध दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. विनिमय दराचा फटका कुणाला बसतो आणि कुणाला नाही, हे त्या काही महिन्यांत स्पष्ट दिसलं.

आमच्या वर्गात वाद झाला. तेल, वायू, खनिजं विकून श्रीमंत होणं ही खरी निर्यात म्हणायची का?
— अकरावीतली एक वाचक

खरीच, बाळा. पण ती सांभाळायला सगळ्यात अवघड.

1959 साली नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनजवळ प्रचंड मोठा वायूसाठा सापडला. वायू बाहेर जायला लागला, परकी पैसा आत आला, गिल्डर हे तिथलं चलन वधारलं. आणि ज्या कारखान्यांचा वायूशी काही संबंध नव्हता, त्यांचा माल परदेशात महाग होऊन ते मागे पडू लागले. 1977 साली ‘द इकॉनॉमिस्ट’ने या दुखण्याला ‘डच डिसीज’ हे नाव दिलं. घरात सोनं सापडावं आणि त्यानेच घरचा धंदा बसावा, असा हा प्रकार.

नॉर्वेला 1969 च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्क हा तेलसाठा सापडला. त्यांनी शेजाऱ्याचं दुखणं पाहिलेलं होतं. 1990 साली कायदा करून त्यांनी एक फंड उभारला, 1996 साली त्यात पहिली रक्कम पडली. त्याचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : हा पैसा देशाबाहेरच गुंतवायचा. तो आत आणला नाही म्हणजे घरचं चलन आणि घरचे भाव त्या पुरात वाहून जात नाहीत. सरकारने दरवर्षी त्यातून सरासरी किती घ्यायचं तेही 2001 साली ठरलं. आधी 4 टक्के, 2017 पासून 3 टक्के.

आणि तेल असूनही नॉर्वेने मासा सोडला नाही. 1980 च्या दशकात त्यांच्याकडे पाळलेला साल्मन मासा गरजेपेक्षा जास्त होऊ लागला. जपानी लोक कच्चा मासा आवडीने खातात, पण साल्मन कच्चा खात नसत, कारण त्यांच्याकडच्या समुद्रातल्या साल्मनमध्ये परजीवी असत. नॉर्वेच्या माणसांनी जपानमध्ये वर्षानुवर्षं तळ ठोकला. आमचा मासा पाळलेला आहे, त्याला तो धोका नाही, हे आचाऱ्यांना, घाऊक व्यापाऱ्यांना, दुकानदारांना पुन्हा पुन्हा पटवलं. भाजायला म्हणून स्वस्तात विकून मोकळं होता येत होतं, तरी ते कच्चा खाण्याचा मासा म्हणूनच विकायचा या हट्टावर राहिले. आज सुशी म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांसमोर जो केशरी तुकडा येतो, त्याच्यामागे ही चिकाटी आहे. वादात हे उदाहरण सांग. मासा निसर्गाने दिला, बाजार मात्र माणसांनी बसवला.

निर्यात म्हणजे जहाजात भरलेला मालच ना? सेवांची निर्यात हे काय प्रकरण आहे?
— एक गृहिणी

परदेशातल्या माणसाने तुमच्या देशाला ज्यासाठी पैसे दिले ती निर्यात. परदेशी विद्यार्थ्याने ऑस्ट्रेलियात भरलेली फी ही ऑस्ट्रेलियाची निर्यात, लंडनमध्ये उतरवलेला जहाजाचा विमा ही ब्रिटनची, सॉफ्टवेअरचं भाडं ही अमेरिकेची. ब्रिटनच्या निर्यातीत आज सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे आणि जगात सर्वांत जास्त सेवा अमेरिका विकते. माझ्या विभागात आम्ही याला ‘कंटेनर नसलेली शिपमेंट’ म्हणायचो. मघाच्या यंत्राचा दुरुस्तीचा करारही यातच बसतो. यंत्र एकदाच विकलं जातं, करार दरवर्षी.

कंपन्या निर्यात करतात, मग यात सरकारचं काम काय? अनुदान देणं?
— लघुउद्योग चालवणारे एक वाचक

तुम्ही स्वतः उद्योग चालवता, म्हणून एक अनुभव सांगते. बारा माणसांचा एक कारखाना होता. मालक आणि त्यांची बहीण मिळून चालवत. पहिली मोठी परदेशी ऑर्डर, एल.सी. हातात, माल वेळेवर जहाजावर चढला. कागद माझ्याकडे आले. एल.सी.मध्ये मालाचं वर्णन एका प्रकारे लिहिलेलं, इन्व्हॉइसमध्ये त्यातला एक शब्द गाळलेला. माणसाला तो शब्द निरर्थक वाटेल, पण बँका माल बघत नाहीत, कागद बघतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँकेला कागद तपासायला कामकाजाचे पाच दिवस मिळतात आणि फरक सापडला की पैसे नाकारता येतात. जहाज निघाल्यापासून एकवीस दिवसांत कागद द्यायचे असतात. दुरुस्त इन्व्हॉइस तयार होईपर्यंत तेही उलटून गेले. दरम्यान त्या वस्तूचा भाव पडला होता. खरेदीदाराला निमित्त हवंच होतं, त्याने फरक मान्य करायला नकार दिला. माल परक्या बंदरात पडून, रोज डेमरेज, म्हणजे माल अडकून राहिल्याचा दंड, चढतंय, आणि बहीणभाऊ माझ्या टेबलासमोर बसलेले. शेवटी तो माल निम्म्या भावात दुसऱ्याला द्यावा लागला. त्यांनी पुढे निर्यातीचं नाव काढलं नाही. मला ती फाइल अजून आठवते. त्यांच्या मालात काहीही खोट नव्हती.

लहान कारखानदाराला माल बनवण्याची भीती नसते, पैसे बुडण्याची असते. सरकारचं काम इथे सुरू होतं. ब्रिटनने 1919 साली, पहिल्या महायुद्धानंतर, निर्यातदाराचे पैसे बुडाले तर भरून देणारं सरकारी खातं काढलं. जगातलं ते पहिलं. जर्मनीने 1949 पासून तशी हमी दिली. निर्यातदार थोडा हप्ता भरतो आणि परदेशी गिऱ्हाईक दिवाळखोर झालं किंवा तिथे युद्ध पेटलं तर सरकार बहुतेक रक्कम देतं. यात श्रीमंत देश एकमेकांवर कुरघोडी करून खिरापत वाटू लागले, तेव्हा 1978 साली त्यांनी आपसात मर्यादा ठरवून घेतल्या.

दुसरं काम कागद कमी करण्याचं. सिंगापूरने 1989 साली ट्रेडनेट सुरू केलं. आधी एका शिपमेंटला अनेक खात्यांचे वेगवेगळे अर्ज आणि परवानगीला काही दिवस. नंतर एकच अर्ज, संगणकावर, आणि परवानगी काही मिनिटांत. याच्यावर मोठी भाषणं होत नाहीत, पण माझ्या मते हजार अनुदानांपेक्षा हे बरं. अनुदानाचा एक दोष मी जवळून पाहिला आहे. ते सुरू असतं तोवर कंपनी अनुदानाच्या अटी वाचते, गिऱ्हाईकाच्या नाही. न्यूझीलंडने 1984 साली शेतीची बहुतेक अनुदानं एका फटक्यात काढली. शेतकऱ्यांना सुरुवातीची वर्षं फार जड गेली, हे विसरता कामा नये. पण त्यांची दूध-मांसाची निर्यात बुडाली नाही, उलट सुधारली.

तिसरं काम माणसं तयार करण्याचं. त्यावर शेवटच्या प्रश्नात लिहिते.

म्हणजे निर्यात जितकी जास्त आणि आयात जितकी कमी, तितका देश बळकट. बरोबर?
— एक वाचक

नाही. आणि हा समज इतका घट्ट आहे की मला डेन्मार्कची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

1870 च्या दशकात आगगाड्या आणि वाफेची जहाजं आली आणि अमेरिकेचं स्वस्त धान्य युरोपात लोटलं. धान्य विकून जगणारा डेन्मार्क अडचणीत आला. जर्मनीने 1879 साली आयात शुल्काची भिंत उभी केली. डॅनिश शेतकऱ्यांनी ते स्वस्त धान्य घरात येऊ दिलं, गाईडुकरांना खाऊ घातलं आणि ब्रिटनला लोणी आणि बेकन विकायला सुरुवात केली. 1882 साली येडिंग या गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली आणि मग गावोगाव डेअऱ्या निघाल्या. दूध वेगवेगळ्या गोठ्यांचं, पण लोणी एकाच प्रतीचं. ज्या आयातीने त्यांचा धंदा मोडला होता, तीच त्यांच्या नव्या निर्यातीचा चारा झाली. शब्दशः चारा.

आजही तेच आहे. नेदरलँड्स किमतीच्या हिशेबात शेतमालाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक. पण त्यात बाहेरून आणून पुन्हा पाठवलेला आणि बाहेरून आणून प्रक्रिया केलेला माल मोठा आहे. आयात बंद केली तर ती निर्यातही जाईल.

आकड्याला भुलू नये याची दुसरी कारणंही आहेत. 2015 या एका वर्षात आयर्लंडचा जीडीपी 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. त्या देशात एका वर्षात तेवढे कारखाने उभे राहिले नव्हते. परदेशी बड्या कंपन्यांनी कमी कराच्या सोयीने आपली पेटंटं आणि मालमत्ता तिथे नोंदवली होती. आयर्लंडला शेवटी स्वतःसाठी वेगळा, सुधारित उत्पन्नाचा आकडा काढावा लागला.

आणि सगळा भार एका खांबावर आला तर? 2000 च्या सुमारास फिनलंडच्या निर्यातीचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या नोकियाचा होता. स्मार्टफोन आला, नोकिया मागे पडली, 2014 साली तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि त्याचे धक्के सगळ्या देशाने सोसले. 2023 साली नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश औषध कंपनीचं बाजारमूल्य डेन्मार्कच्या संपूर्ण जीडीपीहून जास्त झालं, तेव्हा मला अभिमानाआधी फिनलंड आठवला. गिऱ्हाईकाचंही तसंच. 2020 साली चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर 80 टक्क्यांहून जास्त शुल्क लादलं, पाठोपाठ वाइनवरही. बार्लीवरचं 2023 साली उठलं, वाइनवरचं 2024 साली. द्राक्षवेल अशी वर्षं थांबून राहत नाही.

निर्यात टिकवायची तर कामगारांचे पगार दाबूनच ठेवावे लागतात, असं आमचे साहेब सांगतात. खरं आहे का?
— कारखान्यात काम करणारे एक वाचक

तुमच्या साहेबांना जर्मनीचा इतिहास पुरावा म्हणून देता येईल, पण अर्धाच. 2003 ते 2005 च्या कामगारविषयक सुधारणांनंतर तिथे पगार बरीच वर्षं जेमतेम वाढले आणि निर्यात मात्र जोरात वाढली. पुढे चालू खात्याची शिल्लक, म्हणजे परदेशाकडून आलेल्या आणि परदेशाला दिलेल्या पैशांतला फरक, जीडीपीच्या 8 टक्क्यांच्या वर गेली. युरोपीय संघ 6 टक्क्यांच्या वर गेलेल्या शिलकीला असमतोल मानतो. याचा सरळ अर्थ असा, की देशाने कमावलं आणि घरात खर्चलं नाही. पूल, रेल्वे जुने होत गेले, लोकांच्या हातात पैसा कमी राहिला. सर्वांना लागू होणारं किमान वेतन त्या देशात आलं तेच मुळी 1 जानेवारी 2015 रोजी, तासाला साडेआठ युरो. दाबलेल्या पगाराने निर्यात काही काळ वाढते, हे खरं. पण जो माणूस तो माल बनवतो त्याच्या घरात ती वाढ पोचली नाही, तर अर्थव्यवस्था वाढली असं मी म्हणणार नाही.

आणि मागच्या पानावरची ती हमी पाळतं कोण? ते मी एकदा पाहिलं आहे. गोळ्यांच्या त्या यंत्रासाठी दिलेल्या कर्जापोटी मी स्टॉक इन्स्पेक्शनला गेले होते. यंत्र आदल्या दिवशीपासून अडखळत होतं आणि जर्मनीहून माणूस सकाळीच पोचला होता. पन्नाशीचा, शांत. त्याने आधी कुणालाच काही विचारलं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी थांबला आणि बोटाने दाखवलं : हे बेअरिंग. उघडलं, तर तेच.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं, की तो सोळाव्या वर्षी त्याच कंपनीत शिकाऊ म्हणून लागला. आठवड्याचे काही दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसाय शाळेत, असं साडेतीन वर्षं. शिकतानाही पगार मिळायचा. ज्याने त्याला बेअरिंग ऐकायला शिकवलं तो फोरमन तिथूनच निवृत्त झाला होता आणि आता तो स्वतः दोन मुलांना शिकवत होता. कमी पगारावर तो तिथे तीस वर्षं थांबला असता का, हे तुमच्या साहेबांना माझ्या वतीने जरूर विचारा.